लहान अंगणासाठी लवलेले झाड : लोंबता बॉटलब्रश

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत २००९ पासून जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने सुरू झाले. त्यानंतर पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण परिसरातील अनेक अभियंत्यांचे कामानिमित्त युरोपात जाणे-येणे होऊ लागले. तेथील घरांपुढच्या छोट्या बागांमध्ये, उघडलेल्या छत्रीप्रमाणे फांद्या जमिनीकडे लवलेली बुटकी झाडे दिसतात. ती पाहिल्यावर असे एखादे झाड आपल्याही अंगणात असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. लोंबत्या फांद्यांचा हेझल हे त्यांपैकीच एक. चॉकलेटमुळे आपल्याकडे परिचित झालेला हेझलनट ज्या झाडाला लागतो, त्याचाच हा शोभेचा प्रकार. सरळ वाढणाऱ्या हेझलच्या खोडावर ठरावीक उंचीवर त्याचे कलम बांधतात. त्यामुळे झाड फारसे उंच होत नाही. नव्या फांद्या मात्र कलमाच्या जागेपासून खाली झुकत जातात. हिवाळा सरता सरता, पाने येण्यापूर्वीच, त्यावर नतकणिशे म्हणजे नरफुलांचे लोंबते तुरे झुलू लागतात.

हे झाड पुणे परिसरात मात्र नीट वाढत नाही. हेझलला हिवाळ्यात शेकडो तासांची थंडी लागते. ती मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्यांची सुप्तावस्था संपत नाही. पुण्यात थंडीच्या काही रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो. पण दुपारी तो पुन्हा अठ्ठावीस-तीस अंशांवर जातो. पुढे एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठणारा उन्हाळा असतोच. भारतातही हेझल आहे, पण तो पश्चिम हिमालयात. तेथे त्याला भोटिया बादाम म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव ज्या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून पडले, ते व्हिक्टर जाकमाँ हिमालयापर्यंत प्रवास करून दक्षिणेत आले आणि १८३२ मध्ये मुंबईत निधन पावले. त्यांच्या नावाचे झाड मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी रुजणारे नव्हे.

तेव्हा हेझलचा आग्रह सोडून, आपल्याला नेमके काय आवडले याचा विचार करावा. आवडलेली असते ती लवलेल्या फांद्यांची ठेवण. ती ठेवण आपल्या हवामानात देणारी झाडे उपलब्ध आहेत.

लवलेली झाडे आणि त्यांचे स्वभाव

सामान्यतः झाडाच्या फांद्या गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, प्रकाशाकडे वाढतात. फांदी वजनाने खाली झुकू लागली, की तिच्या आत विशिष्ट प्रकारचे लाकूड तयार होते आणि ते तिला पुन्हा वर खेचते. लवलेल्या झाडांत ही क्रिया दुबळी असते किंवा फांद्याच इतक्या लांब व बारीक असतात, की पानाफुलांच्या भाराने त्या खाली येतात. इंग्रजीत अशा झाडांना 'रडणारी' झाडे म्हणतात. मराठीत त्यांना लवलेली किंवा लोंबती झाडे म्हणणे अधिक समर्पक ठरेल.

शहरवासीयांच्या रोजच्या पाहण्यातले असे झाड म्हणजे आसोपालव. सोसायट्यांच्या कुंपणालगत रांगेने उभा असलेला हा उंच, निमुळता वृक्ष पुष्कळांना अशोक वाटतो. खरा सीता-अशोक वेगळा. त्याला केशरी-लाल फुलांचे घोस येतात. आसोपालवाच्या फांद्या खोडाला लगटून खाली उतरतात. त्यामुळे तो जागा कमी व्यापतो, पण सावलीही बेताचीच देतो. शिवाय तो तीन-चार मजल्यांपर्यंत सहज उंच होत असल्याने छोट्या अंगणाचा तोल बिघडवतो.

दुसरे झाड बेंजामिना फायकस. वड-पिंपळाच्या कुळातील हे झाड कुंडीत गोजिरवाणे दिसते. परंतु जमिनीत लावल्यावर त्याची मुळे दूरवर पसरतात आणि फरशा, जलवाहिन्या व कुंपणाच्या भिंती यांना तडे देतात. घराजवळ ते लावू नये. तिसरा पर्याय विलोचा. काश्मीरमध्ये 'मजनू' या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष पाण्याच्या काठचा आहे. बंगल्याच्या आवारात त्याची मुळे ओलाव्याच्या शोधात सांडपाण्याच्या नळांपर्यंत पोहोचतात.

या तिन्हींच्या तुलनेत छोट्या अंगणाला मानवणारे झाड म्हणजे लोंबता बॉटलब्रश.

झाडाची ओळख

लोंबत्या बॉटलब्रशचे शास्त्रीय नाव कॅलिस्टेमॉन व्हिमिनॅलिस. अलीकडे अनेक शास्त्रज्ञ त्याचा समावेश मेलाल्यूका या प्रजातीत करतात. त्यामुळे पुस्तकांत व रोपवाटिकांच्या पाट्यांवर दोन्ही नावे आढळतात. कुळ मात्र जांभूळ, पेरू व निलगिरीचेच. 'कॅलिस्टेमॉन' म्हणजे ग्रीक भाषेत सुंदर पुंकेसर असलेला, तर 'व्हिमिनॅलिस' हे लॅटिन विशेषण लवचीक फांद्यांवरून आले आहे. झाडाचे दोन्ही गुण नावातच आले आहेत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योझेफ गेर्टनर यांनी १७८८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले.

हे झाड मूळचे पूर्व ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्स भागांतले. तेथे ते ओढ्या-नद्यांच्या काठी वाढते. पूर ओसरल्यानंतरची ओल आणि नंतरचा लांबलेला कोरडा काळ या दोहोंची त्याला सवय आहे. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे हवामान असलेल्या पुणे परिसरात ते चांगले रुळले, यात म्हणूनच नवल नाही. बागेत त्याची उंची साधारणपणे चार ते सहा मीटर होते. पाने अरुंद व सदाहरित असतात. कोवळी पालवी किंचित तांबूस आणि रेशमी लव असलेली असते.

बाटली घासण्याच्या ब्रशासारखा दिसणारा लाल भाग म्हणजे एक फूल नव्हे. तो अनेक लहान फुलांचा दाट फुलोरा असतो, आणि त्याला रंग येतो तो पाकळ्यांमुळे नव्हे, तर लांब पुंकेसरांमुळे. फुलोऱ्याचा दांडा फुले गळल्यावर वाळत नाही. त्याच्या टोकातून पुढे पुन्हा पानांची फांदी वाढते. मागे राहिलेली मण्यांसारखी कठीण बोंडे फांदीला कडे घातल्याप्रमाणे कित्येक वर्षे चिकटून राहतात. छाटणी कोठे करावी याचे गमक याच रचनेत आहे.

फुलांचा मुख्य बहर वसंत व उन्हाळ्याच्या आरंभी येतो. पावसाळ्यानंतर काही झाडे पुन्हा फुलतात. बहराच्या काळात मधमाश्या, शिंजीर आणि बुलबुल यांची झाडावर सतत ये-जा असते.

रोप निवडताना

रोपवाटिकेत 'बॉटलब्रश' एवढेच नाव सांगितल्यास बहुधा दोनपैकी कोणतेही एक रोप हाती येते. दुसरा सर्रास मिळणारा प्रकार म्हणजे कॅलिस्टेमॉन सिट्रिनस. त्याच्या फांद्या ताठ असतात आणि त्या कधीच लवत नाहीत. त्याचे पान चुरगळल्यास लिंबासारखा वास येतो व पान हाताला कडक लागते. लोंबत्या जातीचे पान तुलनेने मऊ व अरुंद असते. शक्य असल्यास मातृवृक्ष पाहून घ्यावा किंवा रोप छाटकलमापासून केले आहे याची खात्री करावी. बियांपासून झालेल्या रोपांत फांद्यांचे झुकणे कमी-अधिक असू शकते.

पुण्यातील एम्प्रेस गार्डन येथे भरणारे वार्षिक पुष्पप्रदर्शन आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन-सोरतापवाडी भागातील रोपवाटिका येथे शोभेच्या झाडांची विविधता पाहावयास मिळते. पिशवीतील रोप घेताना मुळे पिशवीत गोल गोल फिरलेली नाहीत ना, हे तपासावे. उंच पण लुकलुकीत रोपापेक्षा दोन-अडीच फुटांचे, जाड बुंध्याचे रोप अधिक भरवशाचे.

जागा : निम्मे यश येथेच

बॉटलब्रशच्या बाबतीत होणारी सर्वांत मोठी चूक लागवडीच्या दिवशीच घडते. हातभर रोप कुंपणापासून दीड-दोन फुटांवर, कधी वीजतारांखाली लावले जाते. पाच-सहा वर्षांनी त्याच्या फांद्या एका बाजूने भिंतीवर घासतात, दुसऱ्या बाजूने वाहने लावण्याच्या जागेवर येतात आणि वरून तारांना भिडतात. मग दर पावसाळ्यापूर्वी शेंडा छाटला जातो, खालच्या फांद्या डोक्याला लागतात म्हणून कापल्या जातात. शेवटी उरतो तो केवळ बुंधा आणि त्यावर उभ्या काठ्यांसारख्या वाढलेल्या फांद्या. ज्या लवलेल्या रूपासाठी झाड लावले, ते रूपच नाहीसे होते.

पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर तीन ते चार मीटर असतो. म्हणून बुंधा भिंतीपासून किमान दोन मीटर दूर असावा. निगडी प्राधिकरणातील बंगले किंवा रो-हाऊसच्या बाजूच्या अरुंद पट्ट्यात हे अंतर मिळत नाही. तेथे झाड लावण्याचा मोह टाळून पुढचे अंगण निवडावे. डोक्यावर वीजतारा आणि खाली पाण्याची टाकी वा सांडपाण्याचे चेंबर नसावे. रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत झाड जगते, पण फुले विरळ येतात.

माती आणि खड्डा

या पट्ट्यातील जमीन एकसारखी नाही. नदीकाठाकडे काळी, पाणी धरून ठेवणारी माती आढळते, तर टेकड्यांच्या बाजूला व चाकणच्या माळावर मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा कातळ लागतो. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पिंपरीतील कारखाना उभारताना सुमंत मुळगावकर यांनी सुरुवातीपासूनच वृक्षलागवड व तलावाची निर्मिती यांवर भर दिला होता. माळरानही योग्य मशागतीने हिरवे होते, याचे ते याच परिसरातील उदाहरण होय.

घराच्या अंगणात मात्र तिसरीच अडचण असते. बांधकाम संपल्यावर उरलेले सिमेंट, चुना, विटांचे तुकडे मातीखाली गाडले जातात. त्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह मिळेनासे होते. पान पिवळे पडते, शिरा मात्र हिरव्या राहतात. यासाठी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यातील सर्व राडारोडा काढून टाकावा. खड्डा उन्हाळ्यात खणून दोन-तीन आठवडे उघडा ठेवावा. मग चांगली माती दोन भाग आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग असे मिश्रण भरावे. काळी माती असल्यास त्यात मुरूम किंवा जाडसर वाळू मिसळावी. खाली कातळ असल्यास, खड्ड्यात पाणी ओतून ते काही तासांत जिरते का, हे आधी पाहावे. पाणी दुसऱ्या दिवशीही साचून राहत असेल तर जागा बदलावी किंवा फूटभर उंच वाफा करून त्यावर रोप लावावे.

लागवडीला जूनअखेर ते जुलै हा काळ उत्तम. पुणे परिसरात वर्षाला सरासरी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग या चार महिन्यांत मिळतो. तेवढ्या अवधीत मुळे धरून जातात. पिशवीतील मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एकच राहील अशा बेताने रोप लावावे. बुंधा मातीत पुरू नये.

पाणी, आच्छादन, खत

पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी बादलीभर पाणी सावकाश द्यावे. रोज थोडे थोडे शिंपल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. तिसऱ्या वर्षापासून आठ-दहा दिवसांनी दिलेले पाणीही पुरते. बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी सोडून भोवती वाळलेल्या पालापाचोळ्याचे तीन-चार इंच जाड आच्छादन घालावे.

खताची या झाडाला फारशी हाव नाही. पावसाळ्याच्या आरंभी आणि बहर संपल्यावर अशी वर्षातून दोनदा दोन-तीन ओंजळी गांडूळखत पुरे. पाने पिवळी पडल्यास प्रथम पाणी साचत नाही ना, ते पाहावे. कूपनलिकेचे जड पाणी सतत दिल्यानेही हा त्रास होतो. पावसाचे साठवलेले पाणी, भरपूर सेंद्रिय खत आणि गरज पडल्यास चिलेटेड लोहाची फवारणी यांनी सुधारणा होते. रस्त्यालगतच्या झाडावर धूळ साचते. उन्हाळ्यात अधूनमधून सकाळी पाने धुवावीत.

किडींचा उपद्रव तुलनेने कमी असतो. फांद्यांवर खवलेकीड दिसल्यास मऊ ब्रश व साबणाच्या पाण्याने ती काढावी, नंतर निंबोळी अर्काची फवारणी करावी. मुरमाड जमिनीत कोवळ्या रोपांना वाळवी लागते. खड्ड्यात अर्धवट कुजलेले शेणखत न टाकणे हा त्यावरचा पहिला उपाय.

आधाराची काठी आणि छाटणी

लवलेल्या झाडाला उंची आपोआप मिळत नाही, ती मिळवून द्यावी लागते. मुख्य शेंडा लहानपणीच झुकला तर झाड झुडपासारखे पसरते. म्हणून लागवडीच्या वेळीच रोपाजवळ बांबूची मजबूत काठी रोवून शेंडा तिला सैलसर, आठच्या आकड्याच्या गाठीने बांधावा. तो दीड ते दोन मीटर उंच होईपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी नवी गाठ द्यावी आणि जुनी सोडावी. या काळात बुंध्यावरील खालच्या फांद्या एकदम न काढता दरवर्षी थोड्या थोड्या कमी कराव्यात. त्यांच्या पानांमुळेच बुंधा जाड होतो. बुंधा स्वतःच्या बळावर उभा राहू लागला, की काठी काढून टाकावी.

त्यानंतरची छाटणी बहर ओसरल्याबरोबर करावी. वाळलेल्या फुलोऱ्याच्या लगेच मागे काप घेतल्यास तेथून दोन-तीन नवे फुटवे येतात आणि पुढील बहर दाट होतो. छाटणी लांबल्यास येणाऱ्या हंगामाच्या कळ्याच कापल्या जातात. आत गुंतलेल्या, वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापाशी काढाव्यात. कुंपणाच्या कात्रीने सगळी टोके एका रेषेत मात्र कधीही कापू नयेत. लवलेल्या झाडाचे सौंदर्य टोकांतच असते. वाटेत येणारी फांदी अर्ध्यावर न तोडता जिथून ती फुटली आहे, तिथून काढावी.

कुंडीतील लागवड आणि नवी रोपे

ज्यांच्याकडे अंगण नाही, त्यांनी 'कॅप्टन कुक' हा बुटका, लवणारा प्रकार शोधावा. 'लिटल जॉन' त्याहून लहान राहतो, पण तो लवत नाही. कुंडी किमान दीड फूट व्यासाची असावी. गच्चीवर मोठे पिंप वापरताना भाराचा विचार करावा. शंभर लिटर ओली माती दीडशे किलोंहून अधिक भरते. दर दोन-तीन वर्षांनी रोप काढून बाहेरची मुळे थोडी छाटून नवी माती भरावी.

घरी रोपे करण्यासाठी पावसाळ्यात अर्धवट जून फांदीची चार-पाच इंचांची छाटे घ्यावीत व वाळू-कोकोपीटच्या मिश्रणात सावलीत रुजवावीत. बियांपासून रोपे करावयाची असल्यास वर्षभराची जुनी बोंडे कागदी पिशवीत घालून उबदार जागी ठेवावीत. ती उघडून भुकटीसारखे बारीक बी सांडते. ते मातीवर पसरून वरून माती न घालता कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवावी. अशा रोपांना फुले येण्यास काही वर्षे लागतात.

कायदा आणि परिसर

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांना १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे संरक्षण आहे. झाड स्वतःच्या आवारात असले, तरी ते तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे 'लावून पाहू, नको वाटले तर काढू' हा विचार झाडाच्या बाबतीत चालत नाही. चुकीच्या जागी लावलेल्या झाडाचा त्रास मालकाला होतो आणि त्याची शिक्षा वर्षानुवर्षांच्या छाटणीच्या रूपाने झाडाला भोगावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बॉटलब्रश शोभिवंत असला तरी परदेशी आहे. अंगणातील एका झाडासाठी तो उत्तम. परंतु मोठ्या गृहसंकुलांनी व कारखान्यांनी त्याच्याच रांगा लावू नयेत. नदीकाठच्या ओलसर, प्रशस्त जागेसाठी आपल्याकडे विलोचाच भाऊबंद असलेला वाळुंज आहे. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या-ओढ्यांच्या काठचा हा देशी वृक्ष फांदीच्या तुकड्यापासूनही सहज रुजतो. मोठे आवार असेल आणि लोंबत्या फुलोऱ्याचीच हौस असेल, तर एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी भरून जाणारा बहावा निवडावा.

छोट्या अंगणात बॉटलब्रश लावण्याचे ठरले असेल, तर रोप आणण्यापूर्वी एक सोपे काम करावे. नियोजित जागी खुंटी रोवून तिला दोन मीटरची दोरी बांधावी आणि खडूने वर्तुळ काढावे. पुढे वाढणाऱ्या झाडाचा तो घेर. त्या वर्तुळात भिंत, फाटक, मोटारीची जागा किंवा वरून जाणारी तार येत नसेल, तर खड्डा तेथेच खणावा. येत असेल, तर खुंटी हलवावी. रोप लावल्यानंतर ती संधी राहत नाही.